अनफॉर्च्युनेटलीची मोट

३ बहमन, निजामी फसली १३२७. नांदूरघाट.
दहा दिवसांनी मोहतमीम सायब शाळा तपासायला येणार. इंग्रजीत जो पयला, त्याचं नाव अंबाजोगाईच्या मोठ्या शाळंत. आप्पा म्हणला, नाव निघालं तर खुशाल जा, न्हाई तर शाळा बंद, जलमभर मोट हाण. निघणारच. बाकीच्यायला इंग्रजी येतंच कुठं?

४ बहमन.
मास्तरनं तीन लांबडे शब्द दिले. अनफॉर्च्युनेटली, इमीडिएटली, पर्टिक्युलरली. म्हणला, परतेकाचे पाच तुकडे करा, दुसऱ्यावर दाब, बाकी हलके. मी पाचीवर दाब दिला. जास्ती इंग्रजी वाटतं. मास्तरला न्हाई वाटलं. छडी पाच येळा, दाब सारखाच.

५ बहमन, सकाळ.
आयडिया! पाठांतर मोटंवर. "अन"ला बैल सावध. "फॉर"ला नाड्यावर धप्पदिशी बसायचं, बैल उतारावर सुटतेत. "च्यु-नेट-ली"त मोट वर, पाणी पाटात. दाब आपसूक बसतो. अशी अक्कल हैदराबादेत बी कुणाला न्हाई.

६ बहमन.
माझ्या वर्गातला बंकट लई घोकतोय. त्याला म्हणलं, दाब शेवटच्या "ली"वर असतो बे, मास्तरनं मला एकट्याला सांगितलंय. बंकट बुडाला.

७ बहमन.
बंकटनं जाऊन मास्तरलाच विचारलं. मास्तरनं घंटाभर बसवून त्याचे तिन्ही शब्द पक्के करून दिले. हरकत न्हाई. त्याच्याकडं बैल कुठं हायत?

११ बहमन.
हरण्या बैल आता "फॉर" ऐकल्याबिगर पाऊल टाकत न्हाई. बैलाला आलं, म्हंजी मला आलंच. आज आराम.

१३ बहमन. परीक्षा.
उभा राह्यलो. "अन" म्हणलो, आन "फॉर"ला धप्पदिशी खाली बसलो. फुडचे तुकडे गायब. पुन्यांदा उठलो, पुन्यांदा धप्प. सायबानं विचारलं, ये बच्चा बारबार बैठता कायकू? मास्तर म्हणला, हुजूर, पाय अधू हाय. सायबाला दया आली. सवताची खुर्ची दिली. मी "इमीडिएटली" घेतला. "मी"ला असा दाब दिला की खुर्चीचा पाय मोडला. सायब लई येळ खुर्चीकडंच बघत होता. माझं नाव नक्की.

१५ बहमन.
बंकटचं नाव निघालं. वशिला, दुसरं काय. माझी शाळा बंद. कंबर दुखती म्हणून पडून ऱ्हायलो.

१६ बहमन.
म्हणून मोटंवर आप्पा गेला. बैल हलंनात. आप्पानं चुचकारलं, हाका मारल्या, बैलाच्या आईपस्तोर गेला. माय हसून म्हणली, अवो, इंग्रजीत सांगा की त्यायला. आप्पा दात खात माझ्या बाजंपशी आला, शब्द इचारून गेला. मग हिरीवरनं आवाज आला. पाची तुकडे येगळे, दाब दुसऱ्यावर. बैल धावत सुटले.
वाटंनं मास्तर चालला होता. थांबला. म्हणला, वा आप्पा! बारा वर्षांत असा दाब ऐकला न्हाई. जरा पोराला बी शिकवा.
आप्पानं लई मनावर घेतलंय.