फलकाआड गेलेला दिवा

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगर कार्यालय, किनारा उपनगर.

विषय: माहितीफलकामुळे माझ्या गच्चीवरचा दिवा समुद्रावरून दिसत नसल्याने फलक आज अंधार पडण्यापूर्वी हटवण्याबाबत.

संदर्भ: माझे आधीचे अर्ज. पोच मिळाली, उत्तर नाही.

महोदय,

मी खालच्या गल्लीच्या टोकाला राहते व तळमजल्यावर शिवणकाम करते. सासूबाई गेल्यापासून गच्चीवरचा दिवा मीच लावते. तो शोभेचा नाही. परतताना हा दिवा आणि मागच्या टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीचा दिवा एकाखाली एक दिसले, की होडी सरळ आत येते. दिवे फाकले की समोर खडक, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आपण माझ्या घरासमोर, ऐन किनाऱ्यावर, उपनगराची ओळख सांगणारा भव्य फलक उभारलात. वरच्या नव्या इमारतींतली मंडळी तिथे हौसेने फोटो काढतात, त्याबद्दल तक्रार नाही. 'समुद्राकडे तोंड करून वसलेले शांत, सुंदर उपनगर' असे त्यावर लिहिले आहे. फलकाचे तोंड मात्र रस्त्याकडे आणि पाठ समुद्राकडे. त्या पाठीआड माझा दिवा गेला.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या कप्तानकाकांनी फलकाच्या कडेचा दिवा माझाच समजून त्यावर होडी घातली. होडी खडकावर फुटली, काका पोहत आले म्हणून वाचले. धाप लागलेली असतानाही मला म्हणाले, "वहिनी, दिवा हलवलात तर सांगायचं तरी!" मला रडू कोसळले.

आपल्या कार्यालयात खिडकीवरच्या साहेबांनी मोबाइलवर नकाशा बघायला सांगितले. त्या नकाशात खडकांच्या जागी निळेशार पाणी आहे. दिवाच दुसरीकडे लावा, असेही ते म्हणाले. मग टाकीही सरकवावी लागेल, आणि तो प्रस्ताव आपल्याकडे मंजूर होईपर्यंत मला पतवंडे होतील.

आज माझे यजमान आणि थोरली लेक समुद्रावर आहेत. दुपारी वादळाचा इशारा आला. होड्या माघारी वळल्या असतील, पण पोहोचेपर्यंत अंधार पडणार. फोन लागत नाही. आज सुकाणू पहिल्यांदाच लेकीच्या हाती आहे. आईचा दिवा टाकीखाली आण आणि सरळ ये, एवढेच मी तिला लहानपणापासून शिकवले.

तरी फलक काढावा. न जमल्यास आडवा पाडावा. तेही नियमात बसत नसेल, तर त्याचे दिवे बंद करून, माझा दिवा घेऊन मला फलकावर बसू द्यावे. जागा त्याच रेषेत आहे, मी पाहून आले. फलकावर चढण्यास मनाई असल्याची सूचना फलकावरच आहे, म्हणून हा अर्ज. वारा सुटला आहे, तेव्हा कमरेला दोर बांधीन. गल्लीतल्या जावा-नणंदा खाली दोर धरून उभ्या राहतील. 'येथील लोक एकमेकांच्या हाकेला धावतात' हे आपणच फलकावर लिहिले आहे, ते खोटे नाही.

परवानगी मिळाल्यास शिपायाकरवी कळवावे. मी घरी नसेन. त्याला फलकाखाली उभे राहून मोठ्याने वाचायला सांगावे, मला वर ऐकू येईल.

आपली नम्र,
खालच्या गल्लीतली शिवणवाली

दिनांक: आजचाच

सोबत: काही नाही. दिवा जोडता येत नाही, तो आज लागणार आहे.