पातळी न उतरलेले पिंप

मी, हेलेद पॅरी, वेल्समधील कुम हेलिग येथील व्हिस्कीच्या भट्टीची मुख्य कारागीर, पूर्ण शुद्धीत आणि कोणी भरीस न घालता हे लिहिते. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर निर्धास्त आहेत, मी नाही.

१. घर आणि त्यातील सामान नेस्टमावशीला. तिने चॅपलमध्ये दारूला न शिवण्याची शपथ घेतली आहे, म्हणून कपाटातील नमुन्याच्या बाटल्या तिने तेग्वेनकडे द्याव्यात. मोरीत ओतू नयेत.

२. दारूची तीव्रता मोजायचा हायड्रोमीटर, पिंपात बुडवायची मोजपट्टी आणि भट्टीतील माझा हिस्सा माझी सहकारी तेग्वेन हिला. मोजपट्टी कुलपात ठेवावी.

३. आमच्या खोऱ्यातील जवापासून गाळलेल्या व्हिस्कीचे पहिले पिंप माझ्या मालकीचे आहे. मुरताना दर वर्षी थोडी व्हिस्की लाकडातून उडून जाते. तिला आम्ही देवदूतांचा वाटा म्हणतो. यंदा पातळी उतरलीच नाही. मी भागीदार इद्वालकाकांना विचारले.

"अगं पोरी, इथं बारा महिने पाऊस. ओल्या हवेत उडणार काय, कपाळ?"

"काका, ओल्या हवेत पाणी टिकतं, दारू उडते. इथं दोन्ही टिकलंय."

"मग देवदूतांनी नेस्टसारखी शपथ घेतली असेल!"

मी हसले नाही. बाहेरची व्हिस्की आणून तिला वेल्सचे लेबल लावण्याचा उद्योग आपल्याकडे पूर्वीही झाला आहे. पुढे कित्येक वर्षे खऱ्या मालालाही लोक नाक मुरडत. गोदामाची दुसरी किल्ली काकांकडे असते. पिंपात कोणीतरी बाहेरची व्हिस्की ओतल्याची मला शंका आहे, पुरावा नाही.

४. म्हणून ते पिंप मी इद्वालकाकांनाच देते. वडिलांच्या पश्चात भट्टी पेटवायला त्यांनीच मला शिकवले. नुसत्या शंकेवरून कोणाचा हक्क काढणे मला पटत नाही.

५. कायद्याने मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातून काहीही मिळत नाही. मावशी, तू सही करू नकोस. काका, तुम्ही लेबलेसुद्धा न वाचता मंजूर करता, म्हणून हे कलम ठळक अक्षरांत आहे. कागद मी स्वतः तुमच्या हातात देईन. घाई करणार नाही.

६. कोणाची देणगी अशी रद्द झाल्यास ती तेग्वेनला मिळावी. पिंपातील नमुना तिने प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. बाहेरची भेसळ निघाली, तर त्यातील एकाही बाटलीवर आमच्या खोऱ्याचे नाव लागू नये.

कुम हेलिग, भट्टीचे कार्यालय
१४ मार्च २०१९

सही: हेलेद पॅरी

आम्हा दोघांसमोर तिने सही केली:
मेरेरिद प्यू, टपालवाली
इद्वाल पॅरी, भागीदार