दोन्ही टोकांना बाण

गाझियाबाद,
१२ फेब्रुवारी १९९६

तीर्थरूप दादास उल्काचा सा. न. वि. वि.

मिरजेला सगळे खुशाल असाल. वहिनीचा गुडघा कसा आहे? इकडची खबर काही गोड नाही. यांची फॅक्टरी दिवाळीत बंद पडली ती पडलीच. हे दिवसभर बाल्कनीत बसून समोर उठणारे टॉवर बघतात. त्या टॉवरवाल्यांसाठी जवळच एक चकाचक शाळा निघाली आहे. माझं बी.एड. कधी कामाला यायचं, म्हणून मी अर्ज टाकला. त्यांनी सहावीच्या वर्गाला रेषा शिकवून दाखवायला बोलावलं आहे.

हसू नकोस. रेषेला लांबी असते, रुंदी नसते, हे मी तुझ्याच धाकाने पाठ केलं, पण कळलं कधीच नाही. रुंदी नसेल तर ती दिसते कशी? राधाला विचारलं, तर लेक म्हणते, मम्मी, स्केलने ओढतात तीच लाइन, बिल्कुल सिंपल. तू जन्मभर भूमिती शिकवलीस. मला नीट समजावून लिही.

माया आहेच, उत्तराला तेवढा उशीर लावू नकोस.

तुझी उल्का

मिरज,
१९ फेब्रुवारी १९९६

चि. उल्कास अनेक आशीर्वाद.

वहिनी जिना चढते आणि कुरकुरतेही, म्हणजे बरी आहे.

तुझा प्रश्न माझ्या वर्गात कुणी विचारला नाही, आणि तू विचारलास तो चाळिशीला आल्यावर! अगं, दिसते ती रेषा नव्हेच, ते तिचं चित्र. पेन्सिलीला कितीही टोक काढ, चित्राला जाडी येणारच. रेषेला नाही. राधा स्केलने ओढते तो रेषाखंड, त्याला दोन टोकं असतात. रेषा दोन्हीकडे सरळ जातच राहते, म्हणून चित्रात दोन्ही टोकांना बाण काढतात. गच्चीवर कपड्यांची ताणलेली तार असेल, ती बघ. तार खिळ्यापाशी संपते. तिची दिशा संपते का?

सुधन्वारावांना धीर दे. नोकरी तुलाच मिळेल.

तुम्हा सगळ्यांचं भलं चिंतणारा,
बळवंत

गाझियाबाद,
११ मार्च १९९६

तीर्थरूप दादास सा. न. वि. वि.

तारेकडे बघत राहिले, ओले कपडे हातात तसेच. आणि कळलं, रे. एकटीच हसले.

वर्गात फळ्यावर रेघ ओढली, बाण काढले आणि विचारलं, ही कुठे जाईल? एक मुलगी म्हणाली, भिंतीतून. दुसरी म्हणाली, पार्किंगमधून पानिपतला. कुणी लाहोर म्हणालं. मग एकाने सांगितलं, नहीं, आसमान में, कारण पृथ्वी गोल आहे आणि रेखा तर वळत नाही. दादा, माझ्या अंगावर काटा आला. अख्खा वर्ग उभा राहून बोलत होता.

मागे बसलेल्या प्रिन्सिपल मॅडम घड्याळ बघत होत्या. नंतर म्हणाल्या, बच्चों को मज़ा आया, पण इथल्या पेरेंट्सना फर्राटेदार इंग्लिश हवं. नोकरी शाळेच्या मालकांच्या पुतणीला मिळाली, मीनाक्षी नाव तिचं. हे म्हणाले, चलो अच्छा हुआ, राधाला सकाळचा डबा वेळेवर मिळेल.

आठवण ठेव, एवढंच.

उल्का

गाझियाबाद,
३ एप्रिल १९९६

तीर्थरूप दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. शिकलेलं वाया जात नाही, असं तू लिहिलंस. खरंच गेलं नाही. रविवारी ती मीनाक्षी मिठाईचा डबा घेऊन दारात उभी. मुलं त्या रेखेचंच विचारतात, म्हणाली, दीदी, प्लीज़ मुझे भी समझा दो. मी चहा टाकला आणि शिकवलं. जाडी, टोकं, बाण, सगळं. पोरगी हुशार आहे, तिला पटकन समजलं. मला तेही बघवलं नाही.

ती गेल्यावर राधाने विचारलं, तिला का शिकवलंस? मुलांचं काय चुकलं, असं मी म्हटलं. राधाने मिठाईला हात लावला नाही. मी खाल्ली. भूक लागली होती.

सोमवारपासून नोएडाच्या एका एक्स्पोर्टवाल्याकडे जाते आहे. तयार शर्टांचे सुटलेले धागे कापायचे. यांनी शेजारीपाजारी सांगून टाकलंय की मॅडम शाळेत लागल्या. मिरजेत कुणी विचारलं तर तूही तेच सांग. तुला खोटं जमत नाही, माहीत आहे. तरी सांग.

वहिनीला नमस्कार. आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी उल्का