मथीच्या नावापुढे मराठी

ता. ९ मार्च १८९१, सोमवार

खानेसुमारीच्या कचेरीत पहिला दिवस. आमच्या खात्याने मला उसनं दिलं आहे, काम सरेपर्यंत. लांबलचक टेबलं, गणतीची बुकं, दोघादोघांच्या जोड्या. एकाने नोंद मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मोठ्या तक्त्यावर त्या रकान्यात रेघ ओढायची. माझ्या जोडीला बापूराव, लालबागचा. आवाज असा, की शेजारच्या जोड्या आमचंच वाचन ऐकून रेघा ओढतात की काय अशी भीती वाटते. आमच्याकडे भाषेचा तक्ता आला आहे. माणसाची मायबोली कोणती, एवढंच बघायचं.

संध्याकाळी चाळीच्या जिन्यात शेजारचे मास्तर भेटले. आमच्या चाळीची गणती त्यांनी केली. गणतीच्या रात्री मला लालबागेत धाडलं होतं, मी घरी नव्हतो. म्हणाले, "तुमच्या मथीचं मराठी लिहिलंय हो. शेवटचा रकाना कोरा ठेवला. वहिनींनी दाराआडून सांगितलं, बोलते म्हणून. मग मी काय करणार?"

शेवटचा रकाना म्हणजे वेडे, आंधळे, महारोगी आणि जन्माचे मुके-बहिरे.

म्हटलं, बरं केलंत. आणि वर आलो. मथी, आमची लेक, येत्या आषाढात आठ वर्षांची होईल. अजून तोंडातून एक शब्द नाही.

ता. १२ मार्च, गुरुवार

दिवसभर हसणं. लोकांनी काय काय सांगितलंय! मालवणी, घाटावरची, कोळ्यांची, सातारची. एकाने नुसतं "आमचीच". गणती करणाराही असा सज्जन, की तेच लिहून मोकळा. साहेबांचा हुकूम आला: हे सगळं मराठीत धरा. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, ती साहेबांनी एका कागदात सरळ करून टाकली.

बापूराव वाचता वाचता थांबला. "माझ्या आयेची बोली आज मराठी झाली, आणि तिका म्हायत पण नाय."

मी म्हटलं, म्हणून काय तिची माशाची आमटी बदलणार आहे?

"ता खरा." पण मग बराच वेळ हळू वाचत होता.

चारच्या सुमाराला दुसरा हुकूम. तान्ह्या मुलांना आणि मुक्यांना स्वतःची भाषा नाही, तेव्हा त्यांना आईची भाषा द्यावी. बापूरावाने तो आपल्या त्या आवाजात सगळ्या कचेरीला ऐकवला. मला उगाच वाटलं, सगळे माझ्याकडे बघताहेत. कोणी बघत नव्हतं. इथे कोणाला मथी ठाऊक नाही.

ता. १७ मार्च, मंगळवार

सकाळी आक्काचं वेखंड. मधात उगाळून मथीच्या जिभेवर घासते. वैधव्य आल्यापासून आक्का आमच्याकडे आहे आणि तेव्हापासून हे चाललं आहे. पोर तोंड वेडंवाकडं करते पण जीभ पुढे करते, कारण मागून साखर मिळते.

आक्का म्हणाली, "आपल्या घराण्यात जीभ उशिराच सुटते. तू तरी कुठे बोलत होतास चार वर्षांचा होईस्तोवर?" आणि वर, "सुटली ती अजून थांबली नाही म्हणा."

हिचा, मथीच्या आईचा, भरवसा मात्र वेखंडावर नाही, देवीवर. पोर बोलली की चांदीची जीभ वाहीन, असा नवस. शिवाय हिच्याजवळ एक गोष्ट आहे, ती आजवर हजारदा ऐकली आहे. गोवर यायच्या आधी, मथी वर्षाची व्हायची होती, तेव्हा चुलीपाशी बसून हिला "आई" म्हणाली. स्पष्ट. एकदाच. मग ताप चढला. तेव्हा मी ठाण्याला नोकरीवर, आक्का तेव्हा सासरी. ऐकलं ते एकटीने.

ही म्हणते, जी एकदा बोलली ती मुकी कशी? बोलणं आत आहे, अडकलंय.

मला ऐकायला मिळालं असतं तर मीही हेच म्हटलं असतं.

ता. २५ मार्च, शिमगा

सुट्टी. खाली चौकात ढोल. पोरं बोंबा मारताहेत, मास्तर कानात कापूस घालून बसलेले. मथी सरळ ढोलवाल्याजवळ गेली आणि दोन्ही तळहात ढोलाच्या कातड्यावर टेकवले. तो भला माणूस, वाजवत राहिला. काय खुलली पोर! अख्खं अंग हसत होतं.

ही गॅलरीतून म्हणाली, "बघा. ऐकतेय की नाही?"

मी मान हलवली. कोणत्या बाजूला हलवली ते माझं मलाच ठाऊक नाही. मग आत जाऊन पुरणपोळी खाल्ली.

ता. ३ एप्रिल, शुक्रवार

शेवटच्या रकान्याचा तक्ता फेरतपासणीला आमच्या जोडीवर. साहेबांना त्यात चूक दिसते आहे. वयाप्रमाणे मुके-बहिरे मांडले, तर अगदी लहान मुलांत फार थोडे, आणि दहाच्या पुढे एकदम पुष्कळ. साहेब म्हणतात, हे जन्मापासूनचे मुके. जन्मतः जेवढे, त्याहून पुढे वाढतील कसे? मरून कमी होतील फार तर. कोणीतरी रेघा भलत्या ओळीत ओढल्या आहेत, शोधा.

शोधलं. बापूराव वाचतो, मी ओढतो. मग मी वाचतो, तो ओढतो. तेच येतं. दुसऱ्या भागाची बुकं घेतली. तेच.

बापूराव वैतागून म्हणाला, "म्हंजे काय, दहाव्या वर्षी पोरांची वाचा जाता की काय?"

मला ते उत्तर तक्ता उघडल्या उघडल्या कळलं होतं.

ता. ७ एप्रिल, मंगळवार

आज साहेबांनी बोलावलं. चूक सापडली का? म्हटलं, चूक नाही साहेब. आकडे बरोबर आहेत. फक्त ते मुक्यांचे नाहीत, आईबापांचे आहेत. मूल मुकं आहे हे कबूल करायला आईबापांना आठ-दहा वर्षं लागतात. तोवर ते उशिरा बोलणारं असतं.

साहेब म्हणाले, "हे तुम्हाला कसं ठाऊक? कुठे वाचलंत?"

वाचलं नाही. माझी मुलगी आहे, सात वर्षांची. आमच्या चाळीच्या बुकात तिचा तो रकाना कोरा आहे.

मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि भाषेच्या रकान्यात?"

"मराठी, साहेब."

ते उठून खिडकीपाशी गेले. वाईट माणूस नाही. परत येऊन म्हणाले, हे स्पष्टीकरण अहवालात दोन ओळींत घालीन, नाव न देता. मी थँक्यू म्हटलं. कशाबद्दल, देव जाणे.

मथी मुकी आहे, हे मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने बोललो. इंग्रजीत बोललो म्हणून जमलं. मराठीत निघालं नसतं.

ता. ८ एप्रिल, बुधवार

कचेरीत भिंतींना कान. बापूरावाला कळलं. मला वाटलं, आता कीव करणार. नाही. डबा पुढे सरकवला, म्हणाला, "चटणी घ्या." मग घास झाल्यावर, "आमच्या बाजूक, भोयवाड्याच्या पुढे, एक म्हातारो पारशी आसा. बंगलीत मुक्या पोरांका शिकवता. विलायतेत शिकून इलो. पोरांचो हात आपल्या गळ्याक लावता आणि तोंडातून अक्षर काढून घेता. गिरणीतल्या एका जॉबराची पोर बापाशीक हाक मारूक लागली, माझ्या कानांनी ऐकलंय."

आणि शेवटी: "पण आठाच्या आतली पोरां घेता. म्हणता, मगे जीभ आयकत नाय."

आषाढाला उरले जेमतेम तीन महिने.

ता. ११ एप्रिल, शनिवार

हिला सांगितलं. साहेबांपुढे बोललो तेही सांगितलं, सांगायला नको होतं.

"तुम्ही माझ्या पोरीला मुक्यांत घालून आलात?"

म्हटलं, घातलं नाही. ती आहेच. शिकवायला न्यायची तर आधी आहे म्हणावं लागेल.

"सगळ्या मुंबईने लिहून घेतलं तरी मी ऐकलंय. मला आई म्हणालीय ती. तुम्हाला नसेल म्हणाली बाबा, म्हणून तुम्हाला काही वाटत नाही."

हे फार लागलं. ती बोलली आणि तिलाही लागलं असावं, पण शब्द काही परत घेता येत नाही. मी पागोटं घालून खाली उतरलो आणि समुद्रापर्यंत उगाच चालत गेलो. इतकं रडू यावं असं काय वय आहे माझं.

ता. १५ एप्रिल, बुधवार

अबोला. पान वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही. आक्का मधल्या मध्ये निरोप पोचवते. "विनायका, मीठ संपलंय म्हणतेय." घरात आता मायलेकी दोघी बोलत नाहीत, आणि आक्का एकटी तिघांचं बोलते.

मथीला मात्र कसं कोण जाणे कळलं आहे. माझा हात धरून हिच्याजवळ नेते, हिचा हात माझ्या हातावर ठेवते आणि दोघांकडे आळीपाळीने बघते. आम्ही दोघं शहाणी माणसं भिंतीकडे बघतो.

ता. २१ एप्रिल, मंगळवार

आज ही आपणहून बोलली. दुपारी मथीला घेऊन सोनाराकडे गेली होती. देवी देईना, तर आपणच आधी जीभ वाहून टाकू, मग देवीला तरी लाज वाटेल, असा हिशेब. दुसऱ्या कोणी केला असता तर मी हसलो असतो.

सोनाराने नवसाच्या जिनसांचं ताट पुढे केलं. डोळे, हात, पाय, पाळणे, जिभा. म्हातारा बडबड्या. म्हणाला, "बाई, मुक्या पोरांच्या आया येतात त्या सगळ्या जीभच नेतात. कान घडवून ठेवलेत ते तसेच पडून आहेत. खरं तर पोरांची जीभ धड असते, जातो तो कान."

ही मला हे सांगत होती, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता.

मी विचारलं, मग घेतलीस जीभ?

"नाही."

भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. उलटली.

"तो पारशी कुठे राहतो म्हणालात?"

ता. २६ एप्रिल, रविवार

परळला जाऊन आलो. भायखळ्यापर्यंत ट्राम, पुढे पायी. हिने मथीला खणाचं परकर-पोलकं घातलेलं, कोणी मुलगी बघायला येणार असल्यासारखं. मी म्हटलं, अगं, शाळेत चाललोय. म्हणाली, असू दे, चांगली दिसू दे.

पारशी मास्तर पांढऱ्या मिशांचा, फार सौम्य. मथी चित्रं बघत होती, तेव्हा तिच्या पाठीमागे पितळी ताट वाजवलं. मी दचकलो, ही दचकली. मथीने पान उलटलं.

मग समोर बसवून तिचा तळहात स्वतःच्या गळ्याला लावला आणि नुसता आवाज काढला, लांब. पोर थबकली. त्यांच्या मिशांकडे बघत राहिली. हात काढून घेईना. मास्तर म्हणाले, "हुशार छे. फार हुशार."

मग दौत पुढे ओढून चार प्रश्न. वय, घराणं, आजार. गोवर आला होता हे मी सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून हिच्याकडे बघितलं.

"बाई, तमे आई, म्हणून तमने विचारतो. जागा जन्माच्या मुक्यांसाठी छे. पोरगी कधी एक पण शब्द बोलली? तापाच्या आगोदर?"

चूल, वर्षाची मथी, स्पष्ट आई, सगळं आता येणार. ही बोलायला लागली की थांबत नाही.

हिने मथीच्या पोलक्याची गाठ नीट केली.

"नाही," म्हणाली. "कधीच नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणाले, दोनच जागा आहेत, मागणारे पुष्कळ. शाळेच्या डॉक्टरांशी बोलून चिठ्ठी पाठवीन. आशा ठेवा, पण फार नको.

परत येताना ही ट्रामच्या बाकावर मथीला मांडीवर घेऊन बसली, एवढ्या मोठ्या मुलीला. मी भाडं दिलं.

ता. ३० एप्रिल, गुरुवार

चिठ्ठी नाही.

भाषेचा तक्ता आज पुरा झाला. मराठीची बेरीज बापूरावाने वाचली, मी मांडली. आकडा पाहून साहेबही खूष. बापूराव म्हणाला, "एवढी माणसां, आणि सगळी बोलतत!" म्हटलं, सगळी नाहीत. तो माझ्या पाठीवर हात ठेवून उठला.

घरी आलो तेव्हा ही उंबऱ्यात बसून मथीची वेणी घालत होती. मनात आलं, विचारावं. खोटं कधी बोललीस? रविवारी, की इतकी वर्षं?

पोरीला जागा मिळावी म्हणून तो एक शब्द देऊन टाकलास, की कधी नव्हताच? रविवारपासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. नव्हताच, तर सात वर्षं ही कशावर जगली? आणि होता, तर तो सोडताना हिच्या पोटात काय झालं असेल?

हिने वर बघितलं. म्हणाली, "टपालवाला आला होता. आपलं काही नव्हतं."

मी वहाणा काढल्या आणि आत गेलो. विचारलं नाही.