१७९५चा हाफ डॉलर

३ एप्रिल २००४, शनिवार. पार्सिपनी

आजपासून नियमित डायरी. कलेक्शनची नोंद हवीच.

मोठा दिवस. कॉइन क्लबच्या वॉल्टरनं त्याचा १७९५चा चांदीचा हाफ डॉलर अखेर मला विकला. वर्षभर नाही म्हणत होता. ऐंशीचा आहे, आता मुलीकडे राहायला जाणार. नाणं पार काळं, पण केस मोकळे सोडलेली लिबर्टी स्पष्ट दिसते. हातात ठेवताना म्हणाला, याला कधी घासू नकोस, घासलं की नाणं गेलं. मला सांगतोय! अकरा वर्षं मी घरात हेच सांगत आलोय.

पद्मजा आणि आमची लेक रीमा दूर पश्चिमेला चँडलरला शोभनाकडे, म्हणजे पद्मजाच्या बहिणीकडे गेल्याला दोन महिने झाले. हवापालट. जाताना मिक्सर नेला. हवापालटाला मिक्सर लागतोच.

११ एप्रिल

पद्मजा म्हणाली, रोज फोन करू नकोस. बरोबर आहे, तिकडची वेळ वेगळी. एक दिवसाआड करीन.

रीमा फोनवर आली. काहीतरी सांगत होती, पण आधी मी तिला हाफ डॉलरच्या कडेवरची अक्षरं समजावून दिली. सावकाश, दहा मिनिटं. कळलं ना, विचारलं तर लाइनवर कुणीच नाही. फोन कंपनी बदलायला हवी.

१७ एप्रिल

लिहून टाकतो. जायच्या आदल्या दिवशी भांडण झालं होतं. रीमाच्या व्हायोलिनच्या रिसायटलला मी पोचलो नाही, कॉइन शो होता. पद्मजा म्हणाली, तुला माणसांपेक्षा नाणी कळतात. रागात का होईना, माझा अभ्यास तिनं मान्य केला.

२५ एप्रिल

पद्मजा येतेय! आठ मेला. बोलायचंय म्हणाली. एकटीच येतेय. चांगलंय, निवांत बोलता येईल.

संकल्प: कॉइन शो बंद. ऑनलाइन ऑक्शन बंद. पोळ्या शिकायच्या. हाफ डॉलर पद्मजाला देऊन टाकायचा.

१ मे

ऑक्शन फक्त बघण्यापुरतं. पोळ्या जमल्या नाहीत. इथलं पीठच वाईट.

७ मे, संध्याकाळी ५

नाणं डबीत ठेवून पाहिलं. गिफ्ट वाटेना. पद्मजा माझ्या नाण्यांना काळ्या चकत्या म्हणते. उद्या तिच्या हातात काळं काही नको.

६.१०

खायचा सोडा, जुना टूथब्रश. अगदी हळू. निरांजनासारखं लखलखतंय. लिबर्टीचे केस जरा पुसट वाटतात. उजेड कमी असेल.

७.००

वॉल्टरला दाखवून आलो. त्यानं भिंग लावलं, काढलं. तू केलंस का हे, एवढंच विचारलं. मग खुर्चीत बसला, पाणी मागितलं. म्हातारपण.

८ मे

पद्मजा आली. किचनमध्ये बसली, जॅकेट काढलं नाही. मी डबी पुढे केली. तिनं नाणं कडेनं धरून उचललं, मी शिकवतो अगदी तसं. म्हणाली, हे वॉल्टरचं ना रे? घासलंस तू? मी म्हटलं, तुझ्यासाठी. ती म्हणाली, चांदी घासायची नसते, अकरा वर्षं ऐकतेय मी. मग रडली. आधी मला वाटलं, नाण्यासाठी.

रीमा कधी येणार, विचारलं. नाही येणार म्हणाली. तिची तिकडच्या ऑर्केस्ट्रात निवड झालीय. तुला फोनवर तेच सांगत होती.

चहा विचारायचा राहिला. जाताना तिनं टेबलावर एक लिफाफा ठेवला.

९ मे

लिफाफा उघडला. वकिलाचे कागद. तीन ठिकाणी सही करायची होती. मी चुकू नये म्हणून पद्मजानं तिन्ही जागी पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या होत्या.

चुकलो नाही.