तुला दिसत नव्हतं, माय

माय, तू जाऊन किती काळ लोटला, तरी आज तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. लग्नानंतर मी पोळ्याला कामठ्याला माहेरी आले, तेव्हा तू चाचपून स्वयंपाक करत होतीस. भात शिजला की नाही, ते बोटांनाच कळायचं तुझ्या. स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. बाबा गोंदियाच्या बाजारातून डोळ्यांच्या औषधाची एक शिशी घेऊन आले. विकणारा म्हणे पेटी वाजवून ओरडत होता, "अंधा भी सुई में धागा डालेगा!" बाबा ते इतक्यांदा सांगत होते, की औषध जणू त्यांनीच बनवलंय. त्यांनी तुझं डोकं मांडीवर घेतलं आणि थेंब टाकले. तुला असं जवळ घेताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. तू दात आवळून पडली होतीस. "काऊन वो, दिसून रायलं का?" त्यांनी विचारलं. "दिसते ना," तू म्हणालीस, "त्या आंब्याची पानं दिसून रायली."

मग काय! बाबा पारावर पोचेपर्यंत त्यांच्या सांगण्यात तुला त्या आंब्यावरच्या मुंग्याही दिसायला लागल्या होत्या. दोन-तीन दिवसांनी शेजारची काकू नातवाला कडेवर घेऊन आली. पोराचे डोळे आलेले, लालबुंद. बाबा हौसेनं शिशीचं बूच काढतात आणि तू चुलीपासून उठून धावतेस, दाराच्या चौकटीवर आदळतेस. "थांबा! पोराच्या डोयात टाकू नका! मले काईच दिसत नाई. होतं तेवढंबी गेलं."

"मंग खोटं कायले बोलली?"

"तुमी एवढ्या आशेनं इचारून रायले होते. नाई कसं म्हनू?"

मला वाटलं, आता बाबा भडकणार. पण त्यांनी शिशी उकिरड्यावर रिकामी केली, "पोराले दवाखान्यात ने," असं काकूला सांगितलं आणि सकाळी बैलगाडी जुंपली. चारचौघांत हसू झालं होतं त्यांचं, पण वाटेत ते तुला एका शब्दानं बोलले नाहीत. गोंदियाच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून डोळे पाहिले. मोतीबिंदू होता, कापूनच काढावा लागणार होता. "पहिल्यासारखं दिसेल असं मी सांगत नाही," ते म्हणाले, "जाड चष्मा लागेल. पण आपलं आपण चालता येईल." मी हिरमुसले. तू मात्र पदरानं तोंड पुसून हसलीस. "हा मानूस खरं बोलते. याच्याच हातानं करू."

पट्टी सुटली, चष्मा आला. तू बाबांकडे टक लावून पाहिलंस आणि म्हणालीस, "आगा माय, तुमी एवढे म्हतारे कवा झाले?" बाबा इतके हसले की दवाखान्यातली बाई रागवायला आली. मी भिंतीला टेकून रडत होते, आणि मनावरचं मोठं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं.

हे तुला कुठल्या पत्त्यावर पाठवू? आता माझ्याही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उद्या ऑपरेशन. हल्ली दहा मिनिटांचं काम, लगेच घरी सोडतात. मुलगा, सून, सगळ्यांना मी सांगितलंय की मला जराही भीती वाटत नाही.

वाटते गं, माय.