चार बोटांचं पाऊल

वेवजी, ता. तलासरी
५ ऑगस्ट २०२४

ती. स्व. जयमालाआत्यास,
हर्षदाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस, म्हणून हुकमाप्रमाणे पत्र. नव्या शाळेत रुळले. शाळा वेवजीहून पुढे, डोंगराकडच्या पाड्यावर आहे. स्कूटीवर पंचवीस मिनिटं. जेवते वेळेवर, तेव्हा तो प्रश्न पुढच्या पत्रात नको.

आता खरी बातमी. आत्या, लाल पायांची बाई खरी आहे! सरावलीला दूध पाजताना तू आम्हाला सांगायचीस ना, डोंगराखालची झोपडी, कधी न विझणारी चूल, आणि बाईने गिळलेल्या प्रत्येक पोराचं लाल पाऊल भिंतीवरून आढ्याकडे चढत जातं, ती. इथे सगळे तिला ओळखतात. तिचं नाव रखमी. मरून वीस वर्षं झाली, तरी त्या वाटेला कोणी जात नाही. मी गेले आणि कुडाच्या फटीला डोळा लावला. आधी नुसता काळोख. मग धुराने काळवंडलेली भिंत दिसली आणि तिच्यावर पावलं, माझ्या मधल्या बोटाएवढी, शेकडो! जणू पोरं भिंत चढून छपरातून निघून गेली. फटीसमोरच्या एका पावलाला तर चारच बोटं होती.

दिवाळी अंकाला भयकथा द्यायची आहे, ती हीच. तुझी गोष्ट पुन्हा सगळी लिहून धाड. फक्त एक गोष्ट मनाला लागते. रखमीची नात रूपी माझ्या सातवीच्या वर्गात आहे. खिडकीशी एकटी बसते. तिने हंड्यातून पाणी घेतलं की बाकीची पोरं त्या हंड्याला शिवत नाहीत. तिचा बाप काकड्या दिवाळीनंतर तिला भिलाडला मावशीकडे धाडणार, म्हणजे शाळा सुटली. फार हुशार पोर आहे गं.

नितीनदादाला नमस्कार. चपलेत मोजे घालणं सोडलं का, विचार.

तुझ्या रागालोभाची सवय झालेली,
हर्षदा

सरावली
१४ ऑगस्ट २०२४

चि. हर्षदास अनेक आशीर्वाद.

लिंबाचं लोणचं आणि वाळवलेले चिकू धाडते आहे. लोणच्यात ओला चमचा घालू नकोस. घालशीलच, पण सांगायचं काम माझं.

लोकांच्या कुडाला डोळा लावायला कोणी शिकवलं तुला? आणि ती गोष्ट लिहू नकोस. वडावरच्या हडळीची लिही, विहिरीतल्या मुंज्याची लिही. आपल्याकडे भुतांना काय तोटा आहे? त्या बाईला राहू दे.

चार बोटांचं पाऊल डावं होतं की उजवं, तेवढं मात्र कळव. बाकी काही विचारू नकोस.

मायेत उणं पडू देऊ नकोस,
तुझी आत्या

वेवजी
२८ ऑगस्ट २०२४

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

डावं. आता तू सांग, तुला ते कशाला हवं?

शाळेत खिचडी करणारी जयवंती सत्तरीची आहे. तिच्याशी चुलीपाशी बसून बोलले. ती म्हणाली की पूर्वी अशी काही गोष्ट नव्हतीच. ती आली मास्तरीणबाईच्या ओट्यावरून. शाळेसमोरच्या खोलीत विष्णूमास्तर राहायचे, त्यांची बायको संध्याकाळी पोरं जमवून गोष्टी सांगायची, आणि अशी सांगायची की मोठी माणसंही कामं टाकून उभी राहायची.

विष्णूकाका इथे होते, आत्या? तू इथे होतीस? एवढ्या वर्षांत एका शब्दाने बोलली नाहीस.

काल काकड्या रूपीच्या दाखल्याचा अर्ज घेऊन आला. दिवाळीपर्यंतही थांबत नाही म्हणतो. पोरीने फळा पुसला, खडू डब्यात ठेवले आणि बापाच्या मागे निघून गेली. अर्ज मी खणात दाबून ठेवलाय, पण किती दिवस दाबणार?

उत्तर दे. गप्प बसलीस तर मीच तिकडे येऊन बसेन.

तुझीच,
हर्षदा

सरावली
६ सप्टेंबर २०२४

चि. हर्षदास अनेक आशीर्वाद.

नाक दाबलं की तोंड उघडतं. बरोबर दाबलंस, बाई.

साल त्र्याहत्तर, श्रावण. मला दिवस भरले होते. ओहोळ फुगलेला, दवाखाना पलीकडे. तुझे काका गाडी बघायला गेले ते पलीकडेच अडकले. कळा सुरू झाल्या तेव्हा रखमी आली आणि मला धानाच्या भाऱ्यासारखी उचलून तिच्या झोपडीत घेऊन गेली. आपल्याकडे लग्न भटजी लावतो, तिथे ते काम धवलेरी बाईचं. रखमी त्या पाड्याची धवलेरी होती आणि सुईणही. माणूस जगात आणायची तीच आणि त्याचा संसार मांडून द्यायचीही तीच. तिच्या शब्दावाचून पाड्यावर तारीख ठरत नसे, पाटीलसुद्धा तिच्यापुढे विडी विझवायचा.

बाळ पायाळू होतं. आधी एक पाऊल आलं आणि सगळं तिथेच अडलं. मी आशा सोडली होती. तिने मात्र लग्नातलं गाणं धरलं, सावकाश, आणि त्याच लयीत तिचे हात चालले. असले हात मी पुन्हा पाहिले नाहीत. नितीन रडला तेव्हा तिने त्याचं डावं पाऊल गेरूत बुडवून भिंतीवर टेकवलं. म्हणाली, तिला अक्षर येत नाही, ही तिची पाटी. जिवंत आलेल्या पोराचंच पाऊल इथे लागतं. हर्षदा, त्या भिंतीवर मेलेलं एकही पोर नाही. नितीनच्या डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली आहेत. तू मोज्यांवरून चिडवतेस, ते त्यामुळे.

तोच नितीन तीन वर्षांचा असताना दूध पीत नव्हता, म्हणून मी ती गोष्ट रचली. चौथी शिकलेली बाई मी. समोर चाळीस पोरं श्वास रोखून बसली की वाटायचं, आपणही कोणीतरी आहोत. रखमीच्या कानावर गेलं तेव्हा ती पोट धरून हसली. गोष्टीत मला जरा उंच कर, म्हणाली.

पुढे आमची बदली डहाणूला झाली आणि आम्ही इथे सरावलीला राहायला आलो. नंतर एका वर्षी पाड्यावर तापाने सात पोरं गेली. लोकांना कोणावर तरी खापर फोडायचं होतं आणि माझी गोष्ट तयारच होती. बाळंतपणाला तिला बोलावेनात, लग्नाला बोलावेनात. ज्यांना खरं ठाऊक होतं त्या बायकाही घाबरून गप्प बसल्या. पाड्यावरचा देवजी नावाचा माणूस सरावलीपर्यंत चालत आला, मी येऊन एक शब्द बोलावं म्हणून. नितीनची परीक्षा झाली की येते, म्हटलं. गेले नाही. तूच पेरलंस असं लोक म्हणतील, याची भीती. आणि एवढं होऊनही तुम्हा पोरांना तीच गोष्ट सांगितली, कारण ती मला फार छान जमायची.

गणपती उरकले की बावीस तारखेच्या रविवारी नितीनला घेऊन येते. तोवर तो अर्ज खणातून काढू नकोस.

आता माया ठेवशील की नाही, तुझं तू ठरव.
आत्या

वेवजी
२५ सप्टेंबर २०२४

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

माया कुठे जाते? उलट वाढली.

रविवारी तू त्याच ओट्यावर बसून पाड्यासमोर सगळं सांगितलंस, आणि दूध पाजायच्या त्याच आवाजात. पोरं तशीच श्वास रोखून बसली होती. मग झोपडीत एक्कावन्न वर्षांच्या आमच्या बँकवाल्या दादाने सगळ्यांदेखत मोजा काढला, भिंतीला हात टेकून पाय उचलला आणि त्या पावलाच्या शेजारी धरला. चार बोटं इथे, चार तिथे. तुझ्याने बघवलं नाही, तू गाडीत जाऊन बसलीस. म्हणून पुढचं सांगते.

मग जयवंती पुढे झाली आणि भिंतीकडे बघत पुटपुटली की तिच्या मुलीचं पाऊल कुठलं असेल. कोपऱ्यातून रूपीने सांगितलं, चुलीकडून तिसऱ्या ओळीतलं, वळवाच्या पावसातलं. आत्या, पोरीला अख्खी भिंत पाठ आहे! काकड्याने तिला निजवताना दुसरी गोष्टच सांगितलेली नाही. दरवर्षी तो तीन भिंती सारवतो, या भिंतीला हात लावत नाही. मग एकेक जण विचारायला लागला, आणि बारा वर्षांची ती पोर गावातल्या बाप्यांना आणि बायांना बोटाने त्यांचा जन्म दाखवत होती. मोठमोठी माणसं तिच्यापुढे रांगेत उभी.

सोमवारी ती शाळेत आली. मधल्या सुट्टीत पोरं तिला घेरून कोणाच्या आजोबांचं, कोणाच्या आईचं पाऊल विचारत होती. विचारता विचारता तिने हंड्यातलं पाणी घेतलं आणि तिच्या मागोमाग सगळ्यांनी घेतलं. त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मी मात्र वर्गात जाऊन डोळे पुसले. काल काकड्याने अर्ज परत मागून नेला.

भयकथा फाडली. आता खरी लिहू का? तू हो म्हटलंस तरच.

तुझी भाची म्हणवून घ्यायला आवडणारी,
हर्षदा

सरावली
२ ऑक्टोबर २०२४

चि. हर्षदास अनेक आशीर्वाद.

नितीन हल्ली घरात अनवाणी फिरतो. सूनबाई विचारते, यांना झालंय काय?

मी गाडीत बसले होते तेव्हा काकड्या आला होता. मला कमी ऐकू येतं हे त्याला कोणी सांगितलं कोण जाणे. अगदी कानाशी वाकून बोलला. म्हणाला, शेवटच्या दिवसांत त्याची आई रोज विचारायची, मास्तरीण आली का. एवढंच बोलून तो माझा हात धरून उभा राहिला. त्याने मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही. विचारायचा हक्क नाही मला. पण निघताना म्हणाला, आज तिला सांगेन, आली.

लिही. माझं नावही लिही, झाकू नकोस. हंडा लिही, गेरू लिही, जुळलेली बोटं लिही. काही वाढवू नकोस, काही गाळू नकोस.

फक्त रखमीला जरा उंच कर. तिने सांगितलं होतं, आणि ते माझ्याकडून राहून गेलं.

तुझी,
जयमालाआत्या